हस्तचित्रित पार्श्वभूमी : मळवलीच्या शिळेपासून संगणकाच्या पडद्यापर्यंत

प्रस्तावना

संगणकावरील जुन्या भूमिकाखेळांत खेळणारा एका पात्राची भूमिका स्वीकारतो आणि चित्रित नगरांतून व अरण्यांतून त्या पात्राला फिरवितो. यांपैकी अनेक खेळांत पार्श्वभूमी हे एक स्थिर चित्र असे व हलती पात्रे त्यावर स्वतंत्रपणे उमटविली जात. दृश्याचे थर वेगळे करून पुन्हा एकत्र आणण्याची ही रीत मावळ परिसराला शतकापूर्वीच परिचित होती. या साम्याचा परामर्श घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

मळवली व लोणावळा

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना १८९९ च्या सुमारास लोणावळ्याजवळील मळवली येथे आला. तैलचित्राची रंगीत प्रत काढण्यासाठी प्रत्येक रंगाची स्वतंत्र शिळा सिद्ध करावी लागे. कोणता रंग कोठे व किती गडद असावा, हे कारागीर नजरेने ठरवीत. त्यानंतर या शिळा एकाच कागदावर क्रमाने छापल्या जात. एखादी शिळा किंचित सरकली तरी चित्र बिघडे.

नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याचा अनुभव असलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात छपाईचा व्यवसाय आरंभिला आणि रविवर्मा छापखान्याचेही काम केले. पुढे १९१३ मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. रंगभूमीचे नेपथ्यही थरांचेच होते : मागे रंगविलेला पडदा, बाजूंस विंगा आणि पुढे नट. राजवाडा, रस्ता वा अरण्य यांचा एकच पडदा अनेक नाटकांना पुरे. पार्श्वभूमी स्थिर ठेवल्याने श्रम व खर्च वाचे आणि स्थळाचा प्रत्ययही येई.

संगणकीय खेळ

संगणकाची स्मृती मर्यादित असताना याच काटकसरीची गरज भासली. 'किंग्ज क्वेस्ट ५' (१९९०) या साहसखेळासाठी कागदावर रंगविलेली चित्रे स्कॅन करून २५६ रंगांत बसविण्यात आली. 'बाल्डर्स गेट' (१९९८) या भूमिकाखेळातील स्थळे प्रथम संगणकावर त्रिमित रूपात रचली गेली. त्यांपासून सिद्ध झालेल्या स्थिर चित्रांवर चित्रकारांनी अखेरचा हात फिरविला. अशा खेळांत चित्रासोबत एक अदृश्य नकाशाही असतो. पात्र झाडाच्या पुढे दिसावे की मागे लपावे, हे तो ठरवितो. विंगेचे कार्य येथे गणिताकडे आले आहे.

निष्कर्ष

तिन्ही माध्यमांत प्रेक्षकापर्यंत पोहोचते ते जोडलेले अंतिम दृश्य. ते घडविणाऱ्या शिळा, पडदे व मूळ चित्रे मात्र केवळ साधने मानली जातात आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतात. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला व अनेक मूळ मुद्रितेही त्यात नष्ट झाली. खेळांच्या बाबतीत धोका निराळा आहे : खेळ उपलब्ध असला तरी त्यासाठी कागदावर रंगविलेले चित्र जपले गेले असेलच असे नाही, आणि पडद्यासाठी रंग घटविलेल्या प्रतीवरून मूळ कुंचल्याचे काम अभ्यासता येत नाही.

म्हणून इतिहास, नाट्यशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील जुने नाट्यपडदे व घराघरांतील मुद्रिते यांची छायाचित्रांसह नोंद करावी. पडदा कोणी रंगविला, कोणते रंग वापरले आणि तो कोणकोणत्या प्रवेशांसाठी लावला जाई, हे सांगू शकणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच हे कार्य साधणे शक्य आहे.