भिंतीला पाडलेलं खिंडार

माणसाची तांबडी रक्तपेशी म्हणजे मुक्कामाला भलतीच गैरसोयीची जागा. तिला केंद्रक नाही, नवी प्रथिनं घडवण्याची सोय नाही. आत हिमोग्लोबिन ठासून भरलेलं आणि आवरण असं की बहुतेक रेणूंना ते दाद देत नाही. हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी, प्लास्मोडिअम फाल्सिपेरम, नेमका इथेच तळ ठोकतो आणि सुमारे ४८ तासांत एकाचे १६ ते ३२ होऊन पेशी फोडून बाहेर पडतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात थंडी वाजून ताप आलेल्या रुग्णाच्या बोटातला थेंब काचपट्टीवर रंगवला, की पेशीत जी नाजूक अंगठी दिसते, ती या मुक्कामाची सुरुवात.

खाण्याची ददात नसावी, असं वाटतं. परजीवी हिमोग्लोबिनच पचवतो आणि त्यातून बहुतेक अमिनो आम्लं मिळवतो. पण प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन औषधालाही नाही! ते रक्तद्रवातूनच आणावं लागतं. पँटोथेनिक आम्ल, म्हणजे बी-५ जीवनसत्त्व, हीदेखील त्याची निकड, आणि निरोगी तांबडी पेशी ते जवळजवळ आत घेतच नाही.

म्हणून तो पेशीच्या आवरणालाच भोकं पाडतो. २००० साली संजय देसाई आणि सहकाऱ्यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक बाधित पेशीच्या आवरणाला चिकटवून त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजला. निरोगी पेशीत नसणारी एक वाहिनी तिथे सापडली, एकेका पेशीवर हजार-दोन हजार. तिच्यातून क्लोराइडसारखे ऋण आयनच नव्हे, तर शर्करा, अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वंही आत शिरतात. २०११ मध्ये याच गटाने या वाहिनीमागे परजीवीचं 'क्लॅग-३' जनुक असल्याचं दाखवलं. त्यापासून बनणारं प्रथिन परजीवी आदल्या पेशीत असतानाच तयार करून ठेवतो आणि नव्या पेशीत शिरताना सोबत आणतो. ते आवरणात बसून कामाला लागायला मात्र पंधरा-वीस तास जातात.

प्रयोगशाळेत या खिंडाराचा खुबीने वापर होतो. बाधित रक्त ५ टक्के सॉर्बिटॉलच्या द्रावणात काही मिनिटं ठेवलं, की सॉर्बिटॉल वाढलेल्या परजीवींच्या पेशींत शिरतं, मागोमाग पाणी शिरतं आणि पेशी पटापट फुटतात. निरोगी आणि कोवळ्या अंगठीच्या पेशी तशाच राहतात. सगळे परजीवी एकाच वयाचे हवे असले, की संशोधक १९७९ पासून हीच युक्ती वापरतात.

मग रोग्याच्या शरीरात या पेशी वेळेआधी का फुटत नाहीत? केंब्रिजच्या व्हर्जिलिओ ल्यू यांनी २००३ मध्ये सहकाऱ्यांसह दिलेलं उत्तर विलक्षण आहे. परजीवी गरजेपेक्षा कितीतरी जास्त हिमोग्लोबिन पचवतो आणि उरलेली अमिनो आम्लं बाहेर टाकतो. त्याचं हे खादाडपण पेशीत कोंडलेला हिमोग्लोबिनचा साठा घटवतं, म्हणून ती फुगून फुटायची राहते.

खिंडार पडलं की सोडियमही आत घुसतं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. पेशीतलं सोडियम हळूहळू रक्तद्रवाच्या पातळीकडे सरकतं. परजीवी स्वतःच्या अंगात मात्र ते फार कमी ठेवतो, 'पीएफ-एटीपी-४' या पंपाच्या जोरावर. सिपरगामिन हे औषध हाच पंप बंद पाडतं: परजीवीत सोडियम साचतं आणि त्याची घडी विस्कटते.

खुद्द वाहिनी बुजवणारी रसायनं मात्र बराच काळ उगीचच नापास ठरत होती. परजीवी वाढवायला वापरला जाणारा आरपीएमआय १६४० हा द्रव मुळात माणसाच्या पांढऱ्या पेशींसाठी बनवलेला. त्यात काही पोषकद्रव्यांची इतकी रेलचेल असते, की वाहिनी निम्मीअधिक बुजली तरी परजीवीचं भागतं. आयसोल्युसिन, ग्लुटामिन आणि हायपोझँथिन कमी केलेल्या द्रवात तीच रसायनं वापरली, तेव्हा ती कितीतरी कमी मात्रेत परजीवीची वाढ रोखू लागली.