सपाट मुलखातला आखडलेला गिअर

अमरावती ते अकोला हा मुलूख इतका सपाट आहे की गिअरच्या सायकलीवरही माणूस बहुधा एकाच गिअरमध्ये वर्षानुवर्षे फिरतो, आणि त्यामुळे या भागातील जुन्या सायकलींचा मागचा डिरेलर झिजण्यापेक्षा न हलल्यामुळेच अधिक बिघडतो. डिरेलर म्हणजे फ्रीव्हीलच्या एका दातेरी चकतीवरून दुसरीवर चेन ढकलणारी यंत्रणा. तिचे मुख्य अंग म्हणजे चार खिळींवर हलणारा समांतरभुज चौकोन. केबल ओढली की तो आत, म्हणजे स्पोकांच्या दिशेने सरकतो आणि केबल सैल सोडली की स्प्रिंग त्याला पुन्हा बाहेर, सर्वांत लहान चकतीकडे नेते. त्याखालच्या पिंजऱ्यात दोन चक्र्या असतात, त्यांपैकी वरची चेनला दिशा देते, तर खालची दुसऱ्या एका स्प्रिंगच्या जोरावर चेन ताणून धरते. इटलीच्या काम्पान्योलो कंपनीच्या ‘ग्रान स्पोर्त’ने 1950 च्या सुमारास रूढ केलेला हा चौकोन जपानच्या सनटूरने 1964 मध्ये तिरका बसवला, त्यामुळे वरची चक्री लहानमोठ्या सगळ्याच चकत्यांच्या सारखी जवळ राहू लागली.

वऱ्हाडातील काळ्या मातीची उन्हाळ्यात बारीक भुकटी होते आणि ती तेलावर बसून खिळींभोवती घट्ट लेप धरते. असा लेप धरल्यावर स्प्रिंगला चौकोन पूर्ण बाहेर नेता येत नाही, चेन लहान चकतीवर उतरत नाही, आणि मग डिरेलरवरचे दोन मर्यादा-स्क्रू पिळण्याचा मोह होतो. वास्तविक हे स्क्रू चौकोनाने कोठवर जावे एवढेच ठरवतात, तो का अडतो याच्याशी त्यांचा संबंध नसतो; म्हणून त्यांना सर्वांत शेवटी हात लावणे हाच या कामातला शहाणपणा होय.

जुन्या डिरेलरच्या खिळी बहुधा ठोकून बसवलेल्या असल्याने त्या उघडता येत नाहीत. तो उतरवून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवावा लागतो आणि बोटांनी चौकोन आत दाबून सोडत राहावे लागते. सोडताक्षणी तो खटकन बाहेर येऊ लागला म्हणजे खिळी मोकळ्या झाल्या असे समजावे. त्यानंतर प्रत्येक खिळीला पातळ तेलाचा एकेक थेंब पुरतो, आणि वर राहिलेले तेल पुसून टाकावे लागते, कारण ओव्हरहॉलिंगच्या वेळी सढळ हाताने ओतलेले तेलच पुढची धूळ धरून ठेवते. केबल गंजलेली असेल तर ती बाहेरच्या नळीसह बदलणे बरे.

चेनचे माप पट्टीने घेता येते. नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंतचे अंतर बरोबर 12 इंच भरते; ते 1/16 इंचाने वाढले असल्यास चेन बदलावी. मात्र साध्या सायकलची 1/8 इंच रुंदीची चेन येथे चालत नाही. एकमेकींना खेटून असलेल्या चकत्यांसाठी 3/32 इंचाची अरुंद चेन लागते. डिरेलर ज्या कानाला टांगलेला असतो तो, सायकल उजव्या अंगावर पडल्यास, आत वाकतो. मागून पाहिल्यावर दोन्ही चक्र्या चकतीच्या प्रतलात उभ्या दिसल्या पाहिजेत; पोलादी कान जपून सरळ करता येतो, ॲल्युमिनियमचा मोडण्याची भीती असते.

एवढे झाल्यावर स्क्रूंकडे वळावे. चेन सर्वांत लहान चकतीवर ठेवून, केबल सैल असताना, वरची चक्री तिच्या बरोबर खाली येईपर्यंत बाहेरच्या मर्यादेचा स्क्रू फिरवतात, आणि मगच केबल कसतात. मधल्या चकत्यांसाठी जुन्या सायकलीत वेगळे जुळवणे नसते. शिमानोने 1984 मध्ये ड्युरा-एस संचात टप्प्याटप्प्याने खटके देणारी पद्धत आणली, त्याआधीची गिअरची दांडी केवळ घर्षणाने जागी राहत असे आणि चालवणाऱ्याला चेनच्या खरखरीवरून ती थोडी मागेपुढे करावी लागे. घर्षणाच्या या जुन्या पद्धतीत थोडी झीज सहज सामावून जाते, हा तिचा दुर्लक्षित गुण आहे. आतल्या मर्यादेच्या स्क्रूबाबत मात्र अशी सवलत नाही. तो ढिला राहिला तरी सपाट रस्त्यावर वर्षभर कळत नाही. परतवाड्याहून सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याकडे घाट चढताना सर्वांत मोठी चकती प्रथमच मागितली जाते, आणि पायडलवर पूर्ण भार असतानाच चेन चकतीपलीकडे जाऊन स्पोकांत अडकते. म्हणून मागचे चाक अधांतरी धरून, पायडल हाताने फिरवत, गिअरची दांडी शेवटपर्यंत ओढल्यावरही चेन मोठ्या चकतीवरच थांबते आणि पिंजरा स्पोकांना लागत नाही, एवढे पाहिल्याखेरीज सायकल हवाली करू नये.