बोटांना कळणारा मळ

दापोड्यात गोदामांच्या रस्त्यावर रोज गाडी उभी राहिली की तिच्यावर काय काय बसतं, हे ती धुतल्यानंतरच समजतं. धूळ पाण्याबरोबर जाते. मागे राहते ती चिकटलेली मंडळी: कंटेनरच्या ब्रेकमधून उडालेली लोखंडाची भुकटी, नव्या शेडच्या खांबांवर ग्राइंडर चालतो तेव्हाचा कीस, डांबराचे शिंतोडे. लोखंडाचा तापलेला कण रंगात रुततो, पावसात गंजतो आणि पांढऱ्या बॉनेटवर नारिंगी टिपका होऊन बसतो. शाम्पू त्याचं काही वाकडं करू शकत नाही.

वॉशिंग सेंटरवरच्या पोरानं गाडी पुसली आणि पातळ प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. ‘‘काका, ही हातात घाला आणि बोटं फिरवा.’’ उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून चक्क खरखरीत लागला. पिशवीमुळे बोट अडत नाही, सरकतं. म्हणून बारीक उंचवटेही जाणवतात.

ही खरखर काढायला क्ले बार लागतो. क्ले बार म्हणजे मऊ कृत्रिम राळ, तिच्यात अतिसूक्ष्म घासणारे कण मळलेले. जपानच्या तादाओ कोदाते यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत तिची पेटंटं घेतली. पोरानं तुकडा कणकेच्या गोळीसारखा मळून चपटा केला, शाम्पूचं पाणी सढळ हातानं फवारलं आणि हातभर चौकोनात सरळ रेषेत फिरवायला लागला. जोर अजिबात नाही. आधी खरखर, अडखळ. मग आवाज विरत जातो आणि तुकडा नुसता घसरतो. उलटून पाहिला तर तपकिरी. घडी घालायची, स्वच्छ बाजू वर आणायची. जमिनीवर पडला तर सरळ फेकायचा. त्यात रुतलेली वाळू दरवाजावर ओरखडेच काढते, पण फेकतानाच बहुतेकांचा हात आखडतो.

क्लेनं ओरखडे जातात, असं छातीठोक सांगणारे भेटतात. जात नाहीत, काळ्या गाडीवर उलट बारीक रेघा उमटू शकतात. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. म्हणून दर महिन्याला हौस नको, पिशवी खरखरली तरच. पण सिरॅमिक कोटिंगच्या आधी क्ले वगळणं मात्र शुद्ध वेडेपणा: मळ कायमचा आत कोंडायचा आणि वर त्याचे हजारो रुपये मोजायचे.

मळाबरोबर जुना मेणाचा थरही निघतो, तेव्हा नवं मेण लगेच लावावं लागतं. मी तेवढंच सांगितलं. पोरानं मेण लावलं, आणि सिरॅमिकचं दरपत्रक तरीही हातात ठेवलंच.