श्रीलंकेला जायचं, पण केव्हा?

“अहो, श्रीलंकेला कोणत्या महिन्यात जावं हो?” हल्ली हळदीकुंकवाला गेलं, की वाण हातात पडायच्या आधी हा प्रश्न कानावर पडतो. विचारणाऱ्या वहिनींनी भिशीचे पैसे बाजूला काढलेले असतात, मुलांचे पासपोर्ट झालेले असतात, सासूबाईंना अशोकवन बघायची हौस असते. मुंबईहून विमानानं अडीच तासांचा प्रवास. तिथलं आणि आपलं घड्याळ एकच, म्हणून काटेसुद्धा फिरवायला नकोत. पहिल्या परदेशप्रवासाला याहून सोयीचं ठिकाण कुठलं मिळणार?

सगळं खरं. पण मैत्रिणींनो, ‘केव्हा जावं’ या प्रश्नाचं उत्तर एका महिन्याच्या नावात मिळत नाही. ते मी स्वतः पैसे मोजून शिकले आहे.

आमची पहिली सहल मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरली. ‘ह्यांची’ रजा तेव्हाच मिळत होती, मुलांना सुट्टी होती आणि नैऋत्य किनाऱ्यावरचं हॉटेल जवळजवळ निम्म्या दरात मिळालं होतं. ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी ‘ऑफ सीझन आहे, म्हणून स्वस्त’ असं म्हटलं होतं. त्याचा अर्थ विचारावा, हे मात्र आम्हांला सुचलं नाही. आम्ही पोचलो आणि पाऊस लागला. किनाऱ्यावर लाल निशाण लागलेलं, लाटा पुरुषभर उंच. पाच दिवस मुलं खिडकीला नाक लावून बसली. ओले टॉवेल वाळेनात, खोलीला कुबट वास येऊ लागला. कुणी कुणाला बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच, की साठवलेले पैसे अक्षरशः पाण्यात गेले!

शेवटच्या दिवशी हॉटेलात वाढणारा मुलगा सहज म्हणाला, “बाई, तुम्ही पूर्वेला का नाही गेलात? माझं गाव तिकडे आहे. तिथं कडक ऊन पडलंय, पोरं दिवसभर समुद्रात असतात.” मी त्याच्याकडे बघतच राहिले. एकाच देशात, एकाच दिवशी?

एक बेट, दोन पावसाळे

हो, एकाच दिवशी! श्रीलंका आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. पण तिच्या दक्षिण-मध्य भागात उंच डोंगर आहेत. सर्वांत उंच शिखर २५०० मीटरच्या वर जातं. हे डोंगर तिथं आपल्या सह्याद्रीचं काम करतात. पावसाळ्यात महाबळेश्वर धो-धो भिजत असताना तीसेक किलोमीटरवरच्या वाईला अधूनमधून चक्क ऊन असतं, हे आपण बघतोच ना? तसंच तिथं.

आपल्याकडे येणारा नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्या थोडा आधी, मे महिन्याच्या उत्तरार्धात श्रीलंकेत पोचतो. कोलंबो, बेंटोटा, गॉल हा पश्चिम आणि नैऋत्य किनारा आणि डोंगरांचा पश्चिम उतार तो भिजवून काढतो. त्याच वेळी डोंगरापलीकडचा पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, कोरडा राहतो आणि तिथला समुद्रही शांत असतो. साधारण सप्टेंबरपर्यंत हे असंच चालतं.

मग डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटतो. ईशान्येकडून पाऊस येतो, पूर्व किनारा भिजतो आणि पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावर ऊन चमकतं. आपल्याकडे जसे खरीप आणि रब्बी, तसे तिथल्या शेतकऱ्यांचे याच दोन पावसांवर बेतलेले ‘महा’ आणि ‘याला’ असे दोन हंगाम आहेत. डोंगराच्या पश्चिम उतारावर वर्षाला ५००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो, तर कोरड्या भागात १००० मिलिमीटरही पडत नाही!

म्हणून श्रीलंकेला केव्हा जावं हे विचारण्यापेक्षा, ‘माझ्या सुट्टीत श्रीलंकेच्या कोणत्या बाजूला जावं’ हे विचारा. मुलांची सुट्टी आणि यजमानांची रजा आपल्या हातात नसते, पण बाजू निवडणं तर हातात आहे!

तुमच्या सुट्टीचा हिशोब

मे महिन्याची सुट्टी: हीच बहुतेक घरांची सुट्टी. अशा वेळी पूर्वेची वाट धरा. विमानतळावरून आधी दांबुल्ला-सिगिरियाला दोन मुक्काम करा. तिथून दोन-अडीच तासांवर त्रिंकोमाली. समुद्राकाठी तीन दिवस राहून परतताना कँडी. पासिकुड्याचं पाणी बरंच आतपर्यंत उथळ, लहान मुलं असतील तर फारच सोयीचं. त्रिंकोमालीला समुद्रावरच्या कड्यावर कोणेश्वराचं देऊळ आहे, तेव्हा सासूबाईही खूष. शक्य तर पहिल्या पंधरवड्यातच जाऊन या. त्यात बुद्धपौर्णिमा साधली तर दुधात साखर. तिथं तिला ‘वेसाक’ म्हणतात. घरोघरी कागदाचे आकाशकंदील लागतात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खाऊपिऊ घालतात. आपली दिवाळीच जणू.

एक मात्र सांगते. एप्रिल-मे महिन्यांत मध्य आणि उत्तर भागात ऊन फार असतं. सिगिरियाचा कडा चढायला सुमारे १२०० पायऱ्या आहेत. सकाळी दरवाजा उघडताच चढायला लागा, नऊच्या आत वर पोचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालच्या बागा बघाव्या. पाचव्या शतकातल्या काश्यप राजाच्या त्या बागाही काही कमी देखण्या नाहीत.

जुलै-ऑगस्ट: मुलं मोठी झाली असतील, शाळेचं बंधन नसेल, तर हा काळ फार छान. बाजू पुन्हा पूर्वेचीच. मिनेरियाच्या तलावाकाठी ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो रानहत्ती जमतात, कारण बाकीचे पाणवठे आटतात आणि तलावाचं पाणी ओसरलेल्या जागी कोवळं गवत उगवतं. कँडीला दंतमंदिराची दहा दिवसांची ‘पेराहेरा’ मिरवणूक निघते. सजवलेले हत्ती, मशाली, ढोलवाले! ती बहुधा आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास संपते. त्या दिवसांत कँडीत खोली मिळणं कठीण आणि भाडंही दुप्पट-तिप्पट, म्हणून काही महिने आधीच ठरवा. नारळी पौर्णिमा होईतो आपले कोळीबांधव होडी समुद्रात घालत नाहीत, तेवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी या दिवसांत पश्चिमेच्या समुद्रात मुलांना सोडायचा मोह होणार नाही. त्या लाटा पोहणाऱ्यालाही आत ओढतात.

दिवाळीची सुट्टी: इथं मात्र मी स्पष्टच सांगेन, शक्यतो जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वारा बदलत असतो. दुपारनंतर बेटावर कुठंही गडगडाटी पाऊस कोसळतो, कोणतीच बाजू धड नसते. वादळंही याच सुमाराला येतात. नोव्हेंबर १९७८ मध्ये मोठ्या चक्रीवादळानं पूर्व किनारा उद्ध्वस्त केला, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस ‘दितवा’ वादळात दरडी कोसळून आणि पूर येऊन शेकडो माणसं दगावली. स्वस्त तिकिटासाठी मुलाबाळांना घेऊन हा धोका कशाला पत्करायचा?

नाताळ ते मार्च: आता मात्र पश्चिम आणि दक्षिण. गॉलचा किल्ला, बेंटोटा, मिरिसाहून बोटीनं देवमासे बघणं, सगळं या दिवसांत. नाताळच्या आठवड्यात युरोपातले पाहुणे फार आणि भावही चढलेले. रजेची सोय होत असेल तर फेब्रुवारी गाठा. हवा उत्तम, गर्दी त्या मानानं कमी. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्याच्या पौर्णिमेपर्यंत श्रीपादाची यात्राही चालू असते. रात्री चढून शिखरावर सूर्योदय बघतात.

डोंगरातलं थंड नुवारा एलिया

सीतेचं देऊळ याच गावाजवळ, सीता एलियाला. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंच, चहाच्या मळ्यांनी वेढलेलं. इथं ऋतू कोणताही असो, स्वेटर हवाच. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आपल्या महाबळेश्वरच्या थंडीसारखं कुडकुडायला होतं. एप्रिलमध्ये फुलांचा बहर असतो, पण तिथलं नवं वर्ष १३-१४ एप्रिलला येतं. त्या दोन-चार दिवसांत सारा देश आपापल्या गावी जातो, दुकानं आणि खानावळी बंद असतात, बसगाड्या भरून वाहतात. त्या तारखा टाळाव्या हे बरं. डोंगरातल्या आगगाडीचा प्रवास करायची इच्छा असेल, तर २०२५ च्या वादळात त्या मार्गाची फार नासधूस झाली होती, तेव्हा गाडी कुठून कुठपर्यंत चालू आहे हे आरक्षणाआधी नीट विचारा.

बॅग भरताना

ऋतू कोणताही असला तरी खाली हवा दमट. सुती कपडेच न्या, पण जाड सुती नकोत, ते वाळत नाहीत. दांडी, दोरी आणि डझनभर चिमटे न्याच. ओल्या कपड्यांसाठी दोन मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि बॅगेच्या कोपऱ्यात कापराची पुडी ठेवा, म्हणजे कुबट वास येत नाही. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते, म्हणून प्रत्येकाच्या जुन्या मोज्यांचा एक जोड पर्समध्ये असू द्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्या साडीला आणि पंजाबी ड्रेसला त्यामुळे काही अडचण नाही. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो मात्र काढू नका, तिथं तो मोठा अपमान समजतात.

पावसाळी जंगलात जाणार असाल तर जळवा असतात, पायमोजे सलवारीवरून वर ओढून घ्या. डासांचं मलम कोणत्याही महिन्यात लागतंच. दर पौर्णिमेला तिथं सार्वजनिक सुट्टी असते, तेव्हा निघण्यापूर्वी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघून ठेवा, म्हणजे खरेदीचा दिवस नेमका बंद दुकानांत जाणार नाही.

पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न

सहल ठरवून देणाऱ्याला हे तीन प्रश्न तुम्ही स्वतः विचारा. एक: “आम्ही जाऊ त्या आठवड्यात या किनाऱ्यावर पोहता येतं का?” दोन: “हा दर कमी का आहे?” तीन: “पाऊस लागला तर दुसऱ्या बाजूला राहण्याची जागा बदलून मिळेल का, आणि किती पैसे कापले जातील?” उत्तर कागदावर घ्या. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेही निघण्याआधी ताजे विचारून घ्या.

आणि एक मनातलं सांगू? तारखा बहुतेक घरांत ‘ह्यांच्या’ रजेवरून ठरतात आणि आपण त्यात डब्यांची नि बॅगांची सोय बघत बसतो. मी त्या वेळी एक शब्द विचारला नाही, कारण मला वाटलं, यातलं मला काय कळतंय! पण आपण वर्षभराचे पापड कोणत्या उन्हात घालायचे ते बिनचूक ठरवतो, मग घरानं दोन-तीन वर्षं पैसे साठवून केलेली सहल कोणत्या उन्हात करायची ते का नाही ठरवायचं?

पुढच्या खेपेला आम्ही फेब्रुवारीत दक्षिणेला गेलो. मुलं मोठी झाली होती, तरी पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. हॉटेलचे पैसे थोडे जास्त पडले, पण या वेळी ते पाण्यात गेले नाहीत!