मोटारसायकलवरचं उणे १९६

मोटारसायकलच्या कॅरिअरला आवळून बांधलेला तीन लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन. आत द्रवरूप नायट्रोजन, तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. अंटार्क्टिकात नोंदलेला नीचांकसुद्धा उणे ८९.२ एवढाच आहे. आणि त्याहून कितीतरी कडक थंडी करमाळ्याकडच्या फुफाट्यातून, भर उन्हात, कुणाच्या तरी गोठ्यापर्यंत रोज जाते!

कॅनमधल्या एकेका कांडीत पाव मिलिलिटर वीर्य असतं, त्यात सुमारे दोन कोटी शुक्रजंतू. ज्या वळूचे ते आहेत तो कदाचित केव्हाच मेलेलाही असेल.

कांडी भरायला, म्हणजे कृत्रिम रेतन करायला, येणाऱ्याला गाव डॉक्टरच म्हणतं. पण तो बहुतेकदा पदविका घेतलेला पशुधन पर्यवेक्षक असतो, नाहीतर केंद्राच्या ‘मैत्री’ योजनेत शिकून तयार झालेला तरुण. खरा पशुवैद्य व्हायला साडेपाच वर्षं लागतात. आणि जनावरं किती? २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-बैल १९ कोटींवर आणि म्हशी जवळपास ११ कोटी निघाल्या. त्यात गायीचा माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. सकाळी सोट (माजाचा चिकट स्राव) दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तालुक्याच्या दवाखान्यातला एक डॉक्टर या घड्याळामागे कुठवर धावणार?

मधल्या फळीची ही सोय आपल्या कायद्यातच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली पदविका किंवा प्रमाणपत्रधारकाला ‘किरकोळ पशुवैद्यकीय सेवा’ देण्याची परवानगी राज्य सरकार देऊ शकतं. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी, शिवाय राज्य राजपत्रात जाहीर करील ते.

गंमत म्हणजे अमेरिकेत याच प्रश्नावर आत्ता कुठे रण माजलं आहे. कोलोरॅडो राज्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये थेट मतदारांना विचारलं गेलं: पशुवैद्य आणि तंत्रज्ञ यांच्यामध्ये ‘व्हेटर्नरी प्रोफेशनल असोसिएट’ नावाची नवी पायरी हवी का? तिथल्या पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा कडवा विरोध असूनही थोडक्या फरकाने होकार आला. वाद मुख्यतः निदानाचा आणि शस्त्रक्रियेचा. दोन वर्षांच्या आसपास शिकलेल्या माणसाने कुत्र्याचं पोट उघडावं का? विरोधकांची भीती मला पोकळ वाटत नाही. भूल दिलेलं जनावर मध्येच बिघडलं, तर ते सावरायला पशुवैद्याचं पूर्ण शिक्षणच लागतं.

पण हाताचं कसब पदवीवर ठरत नाही, हेही खरंच. गोठ्यात बघा. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून पुसली, रेत सोडायच्या गनमध्ये घातली, वर शीथ (आवरण) चढवली. डावा हात कोपरापर्यंत गायीच्या गुदमार्गात. तिथून आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशयमुख बोटांनी चाचपून धरायचं. ते लागतं कोंबडीच्या मानेसारखं, टणक आणि गाठीगाठींचं. उजव्या हाताने योनिमार्गातून आलेली गन त्याच्या तीन-चार वळ्यांतून पुढे न्यायची. खरं तर गन पुढे ढकलायची नसते, डाव्या हाताने गर्भाशयमुखच तिच्यावर चढवायचं असतं. शेवटची वळी ओलांडली की थांबायचं आणि सावकाश रेत सोडायचं. हे सगळं न दिसता! गाय तोवर शेपटी मारत असते, मालक कानाशी दुधाच्या दराचं गाऱ्हाणं सांगत असतो.

२१ दिवसांनी गाय पुन्हा माजावर आली तर ती उलटली. तीनदा उलटली, तर चौथी कांडी न भरता डॉक्टरांना बोलवायचं, असं शिकवलेलं असतं. पण अनेकांची कमाई कांडीमागे ठरते; डॉक्टरांना केलेल्या फोनचे पैसे कुणी देत नाही. या व्यवस्थेतली सगळ्यात कच्ची जागा मला इथे दिसते. गर्भाशयात जंतुसंसर्ग असेल, बीजांडावर गाठ असेल किंवा खुराकात खनिजं कमी पडत असतील, तर दहाव्या कांडीनेही गाय गाभण राहायची नाही.