मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन झाले. आता घरी काय?

मेंदूचे ऑपरेशन म्हटले की अजूनही घरातील माणसांचे हातपाय गळतात. ऑपरेशन होईपर्यंत सारे गाव विचारपूस करते, रुग्णालयाच्या आवारात पाहुण्यांची रीघ लागते. मग काही दिवसांनी डिस्चार्जचा कागद हाती पडतो, गाडी करून रुग्णाला गावी आणतात, आणि दुसऱ्या दिवसापासून घरच्यांची परीक्षा सुरू होते. शस्त्रक्रिया लोणीला झालेली असो, नगरला असो की पुण्या-मुंबईला. अकोले तालुक्यातील एखाद्या वाडीत रात्री दोन वाजता रुग्णाला उलटी झाली, तर जवळ सर्जन नसतो. जवळ असते ती बायको, सून नाहीतर भाऊ. म्हणून आजचा लेख रुग्णापेक्षा त्यांच्यासाठी अधिक आहे.

लंडन येथे २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली या सर्जनने कवटी उघडून मेंदूतील गाठ काढली. वैद्यकाच्या इतिहासात ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध आहे. रुग्ण पंचवीस वर्षांचा स्कॉटिश शेतकरी होता. गाठ निघाली, ऑपरेशन यशस्वी झाले, आणि सुमारे महिनाभराने तो संसर्गाने दगावला. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, आज आहेत. तरीही ऑपरेशननंतरचा पहिला महिना नाजूक असतो ही गोष्ट बदललेली नाही. आणि हा महिना आता बहुतेक घरीच जातो.

जखमेचे आधी पाहू. टाके किंवा पिना साधारण एक ते दोन आठवड्यांत काढतात. तोवर आणि नंतरही काही दिवस जखमेवर हळद, तेल, अंगारा, झाडपाला यांपैकी काहीही लावू नये. केस केव्हा धुवायचे ते डॉक्टरांना विचारावे. जखमेभोवती बधिरपणा किंवा मुंग्या येणे, कानशिलावर चीर असेल तर जबडा उघडताना दुखणे, या गोष्टी बऱ्याच जणांना होतात आणि हळूहळू कमी होतात. परंतु जखमेतून पू किंवा पाण्यासारखा पातळ स्राव येऊ लागला, किंवा वाकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकू लागले, तर ती सर्दी समजू नये. ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते आणि त्या वाटेने जंतू आत जातात. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

काही रुग्णांच्या कवटीचा तुकडा लगेच परत बसवत नाहीत. तो पोटाच्या कातडीखाली ठेवून नंतर बसवतात. अशा रुग्णाच्या डोक्याला एका बाजूस खोलगटपणा दिसतो. त्या बाजूवर झोपू देऊ नये आणि तेथे मार लागणार नाही याची काळजी घ्यावी. भेटीला येणारा प्रत्येक जण हात लावून पाहतो, ते बंद करावे.

आता गोळ्यांचे. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवावी. ऑपरेशननंतर बहुधा दोन प्रकारच्या महत्त्वाच्या गोळ्या असतात: एक मेंदूची सूज उतरवणारी स्टेरॉइडची, बहुतेक वेळा डेक्सामेथासोन, आणि दुसरी फिट रोखणारी. रुग्ण हिंडू-फिरू लागला की घरच्यांना वाटते, आता कशाला एवढ्या गोळ्या? शेजारी सांगतात की या गोळ्या उष्ण पडतात. मग गोळ्या परस्पर बंद होतात.

स्टेरॉइड एकाएकी बंद का करायचे नाही? आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या शरीराला लागणारे स्टेरॉइड रोज तयार करतात. गोळ्यांतून ते आयते मिळू लागले की या ग्रंथी सुस्तावतात. भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले की विहिरीवरची मोटार कोणी चालवत नाही, तसेच हे. पुढे कालवा एकाएकी बंद झाला आणि मोटारही चालेना, तर उभे पीक होरपळते. स्टेरॉइड अचानक थांबले तर रुग्ण गळून जातो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, मेंदूची सूज पुन्हा वाढते. प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून डॉक्टर ही गोळी टप्प्याटप्प्याने कमी करतात. तो तक्ता कागदावर लिहूनच घ्यावा. पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीचे ऑपरेशन झालेल्या काहींना तर अशी गोळी कायमची लागते.

या गोळीने भूक वाढते, झोप उडते, चेहरा सुजल्यासारखा होतो, पित्त वाढते. मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढू शकते, म्हणून तहान आणि लघवी वाढली तर साखर तपासावी. हे त्रास डॉक्टरांना जरूर सांगावेत, पण गोळी आपल्या मनाने सोडू नये.

फिटच्या गोळीचेही तेच. एकादशी, नवरात्र, श्रावणी सोमवार आला की पाण्याबरोबरही गोळी न घेणारी माणसे आहेत. औषधाने उपवास मोडत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी रुग्णाला सांगितले तर ते अधिक पटते. पाथर्डी, शेवगावकडील कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात तेव्हा तर हा प्रश्न फारच येतो. कोपीवर गेल्यावर औषध संपते आणि त्याच नावाची गोळी जवळच्या गावात मिळत नाही. निघण्यापूर्वीच पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत बरोबर घ्यावी.

औषधांची वही घरातील कमी शिकलेली बाईसुद्धा उत्तम ठेवू शकते. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यांतील अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले आणि त्यांनी गावांचे आरोग्य सुधारून दाखवले. मग सकाळची आणि रात्रीची गोळी दिली की वहीत एक रेघ मारणे अवघड का असावे?

फिट आलीच तर काय करावे? रुग्णाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत, जवळच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. पाच मिनिटांहून अधिक चालली, किंवा एकामागून एक फिट येऊन मध्ये शुद्ध आली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टर परवानगी देईपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, विहिरीवर एकट्याने जाणे, झाडावर किंवा माळ्यावर चढणे बंद. स्त्रियांनी एकट्याने चुलीपुढे बसू नये. फिट काही सेकंदांची असते, भाजणे आयुष्यभराचे.

पाण्याने भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास भरतो. पहिले काही आठवडे तो उचलणे, खाली वाकून काम करणे टाळावे. शौचास कुंथावे लागू नये म्हणून पालेभाज्या, फळे, पाणी पुरेसे द्यावे. खाण्याचे वेगळे पथ्य सहसा नसते. दही, केळी, भात बंद करण्याचे कारण नाही. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र ताठ बसवून, सावकाश, घट्टसर अन्न द्यावे. मिश्री, तंबाखू आणि दारू पूर्ण बंद. दिवसातून दोन-तीन वेळा घरात-अंगणात चालवावे. सतत पडून राहिल्यास पायांत रक्ताच्या गाठी होतात. एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला तर ताबडतोब दाखवावे.

शरीरापेक्षा स्वभावातील बदल घरच्यांना अधिक छळतो. पूर्वी शांत असलेला माणूस चिडचिड करतो, कर्ता पुरुष गप्प बसून राहतो, कोणाला साधा ‘तांब्या’ हा शब्द आठवत नाही. गाठ मेंदूच्या ज्या भागात होती त्यावर हे अवलंबून असते, आणि फिटच्या काही गोळ्यांनीही राग वाढतो. ही बाहेरची बाधा नव्हे, नाटकही नव्हे. शब्द अडला तर लगेच तोंडात शब्द भरू नये, थोडा वेळ द्यावा. वस्तू दाखवून विचारावे. थकवा तर महिनोन्‌महिने राहतो. ‘जखम भरली, आता शेतावर का येत नाही?’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. आणि जी बाई हे सर्व करते तिला रात्रीची झोप मिळावी म्हणून नणंदेने, दिराने पाळी लावून घ्यावी. हे कोणी चिठ्ठीवर लिहून देत नाही.

वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, जागे करूनही गुंगीत राहणे, ताप आणि मान ताठ होणे, हात-पाय किंवा बोलणे नव्याने अडखळणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

शेवटी तपासणीच्या रिपोर्टविषयी. काढलेल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो. त्याचा रिपोर्ट यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर रुग्ण घरी आलेला असतो. रुग्ण बरा दिसतो म्हणून तो आणायला कोणी जात नाही, असेही घडते. मेंदूच्या आवरणाची गाठ बहुधा साधी असते. तिला पुढे नुसती तपासणी पुरते. पण ग्लायोमासारखी गाठ असेल तर ऑपरेशन हा उपचाराचा निम्माच भाग असतो. रेडिएशन जखम भरल्यावर काही आठवड्यांतच सुरू करावे लागते; वेगाने वाढणाऱ्या गाठीसाठी ते साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालते. लग्नसराईसाठी किंवा कांदा काढणीसाठी ते पुढे ढकलता येत नाही. शहरात राहण्याची सोय कोणाकडे करायची आणि बरोबर कोण राहणार, हे रिपोर्ट येण्यापूर्वीच ठरवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड, डिस्चार्जचा कागद आणि एमआरआयच्या फिल्म एकाच पिशवीत न्याव्यात.