घरातील बालसुरक्षा : पालकांची दक्षता आणि घराची मांडणी

बीजसंज्ञा : बालसुरक्षा, घरगुती इजा, प्रतिबंध, प्रथमोपचार, पाळणाघर

प्रस्तावना

'लेकरू पडत-झडतच मोठे होते' असे आपल्याकडे सहजपणे म्हटले जाते. त्यात तथ्यही आहे. चालायला शिकणारे मूल पडणार, त्याचा गुडघा खरचटणार, हे गृहीतच धरावे लागते. परंतु गुडघा खरचटणे आणि जिवावर बेतणे यांत मोठे अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या बालइजा प्रतिबंधविषयक जागतिक अहवालानुसार, त्या काळी जगात दरवर्षी अठरा वर्षांखालील सुमारे ८ लाख ३० हजार मुले अनवधानाने होणाऱ्या इजांमुळे मृत्युमुखी पडत होती. रस्ता अपघात, बुडणे, भाजणे, पडणे आणि विषबाधा ही त्यांची पाच प्रमुख कारणे होत. यांपैकी रस्ता अपघात वगळता उरलेली चारही कारणे लहान मुलांच्या बाबतीत प्रामुख्याने घरात व घराच्या परिसरात संभवतात.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी घडलेला एक प्रसंग या लेखनास निमित्त ठरला. फरशी पुसण्याचे फिनाईल मोठ्या डब्यातून काढून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरले होते आणि ती बाटली मोरीच्या कोपऱ्यात ठेवली होती. सव्वादोन वर्षांच्या मुलाने ती तोंडाला लावली. उग्र वासामुळे त्याने तोंड फिरवले, एक रात्र रुग्णालयात देखरेखीखाली राहून मूल सुखरूप घरी आले. त्या रात्री भेटावयास आलेल्या प्रत्येकाने एकच प्रश्न केला, "तुझं लक्ष कुठं होतं?" मुलाचे वडीलही त्या वेळी घरातच होते, परंतु हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. आणि ती बाटली तेथे का होती, हेही कोणी विचारले नाही. बाटली प्रस्तुत लेखिकेनेच भरून ठेवली होती. चूक झाली होती ती मूल बाटलीपर्यंत पोहोचले त्या क्षणी नव्हे, तर त्याच्या आठवडाभर आधी.

लेखाचा उद्देश

१. लहान मुलांच्या घरगुती इजा 'नशीब' अथवा 'निष्काळजीपणा' या दोन शब्दांपलीकडे जाऊन समजून घेणे.
२. शून्य ते पाच या वयोगटातील बालकांना घरात संभवणारे प्रमुख धोके व त्यांवरील प्रतिबंधात्मक उपाय स्पष्ट करणे.
३. बालकांच्या सुरक्षिततेची जबाबदारी केवळ मातेच्या दक्षतेवर सोडणे कसे अपुरे आहे, हे मांडणे.

१. अपघात की इजा?

'अपघात' या शब्दात अकल्पिततेचा भाव आहे. जे अकल्पित आहे ते टाळता येत नाही, असे आपण मानून चालतो. अमेरिकन वैद्यक विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास या समजुतीला शास्त्रीय उत्तर दिले. रोगाला जसा यजमान, कारक आणि परिसर असतो तसाच तो इजेलाही असतो. कारक म्हणजे उष्णता, विष, पाणी किंवा उंचीवरून पडताना निर्माण होणारी ऊर्जा. ती बालकापर्यंत पोहोचण्याची वाट बंद केली तर इजा टळते. याचाच अर्थ असा की, बालकाचे वर्तन अथवा पालकांचे लक्ष यांच्या इतकेच वस्तूंचे स्वरूप आणि घराची रचना बदलणे महत्त्वाचे ठरते.

या विचाराची दोन उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकेत १९७० साली विषप्रतिबंधक वेष्टनाचा कायदा झाला. १९७२ पासून अॅस्पिरिनच्या बाटल्यांना लहान मुलांना सहज न उघडणारी झाकणे आली आणि या औषधाने होणारे बालमृत्यू लक्षणीयरीत्या घटले. दुसरे उदाहरण न्यूयॉर्क शहराचे. उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुले पडत असल्याने तेथील आरोग्य विभागाने १९७० च्या दशकात मोहीम हाती घेतली. पुढे १९७६ साली दहा वर्षांपर्यंतची मुले राहत असलेल्या भाड्याच्या घरांच्या खिडक्यांना संरक्षक गज बसविणे घरमालकांवर बंधनकारक झाले. पडण्याच्या घटना त्यामुळे घटल्या. दोन्ही ठिकाणी माता पूर्वीइतक्याच दक्ष होत्या. बदलले होते ते झाकण आणि बदलली होती ती खिडकी.

२. विकासाचे टप्पे आणि बदलणारा धोका

बालविकासाच्या अभ्यासक्रमात आपण शिकवितो की, साधारणतः चार ते सहा महिन्यांचे मूल कुशीवर वळते, आठ-नऊ महिन्यांचे रांगते व चिमटीने बारीक वस्तू उचलते, वर्षाच्या आसपास चालू लागते आणि दोन-तीन वर्षांचे मूल खुर्चीवर चढून वरची फळी गाठते. याच टप्प्यांकडे सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिल्यास एक बाब लक्षात येते. प्रत्येक नवे कौशल्य एक नवा धोका घेऊन येते, आणि ते कौशल्य प्रथम कधी प्रकट होईल हे पालकांना आधी कळत नाही. 'काल तर वळत नव्हते' हे खाटेवरून पडलेल्या बाळाच्या आईचे वाक्य खरेच असते. म्हणून घराची मांडणी मुलाच्या आजच्या क्षमतेनुसार नव्हे, तर पुढील टप्प्यानुसार असावी.

३. घरातील धोक्याची ठिकाणे

अ) मोरी व न्हाणीघर : आपल्याकडे अनेक गावांत व शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे बादल्या, पिंप, हौद भरून ठेवणे ही घराघरांतील गरज आहे. वर्ष-दीड वर्षाच्या बालकाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून पाहताना त्याचा तोल गेल्यास ते डोक्यावर आत पडते व स्वतःला बाहेर काढू शकत नाही. नाक व तोंड बुडेल एवढे काही इंच पाणीही पुरते. बुडणारे मूल ओरडत नाही, ही बाब फार थोड्या पालकांना ठाऊक असते. त्यामुळे 'आवाज आला तर जाईन' हा भरवसा येथे निरुपयोगी ठरतो. वापरानंतर बादली पालथी घालणे, पिंपाला घट्ट झाकण बसविणे आणि मोरीच्या दाराला बाहेरून, मुलाच्या हाताला न येईल इतक्या उंचीवर कडी लावणे हे तीन उपाय जवळजवळ बिनखर्चाचे आहेत.

न्हाणीघरातील दुसरा धोका कढत पाण्याचा. साठ अंश सेल्सिअसचे पाणी बालकाच्या कोवळ्या त्वचेला काही सेकंदांतच खोलवर भाजते. बादलीत आधी थंड पाणी घेऊन नंतर गरम पाणी ओतावे. पाणी तापविण्याची विजेची कांडी जमिनीवरील बादलीत लावून बाहेर जाणे हे भाजणे व विजेचा धक्का या दोन्ही दृष्टींनी घातक आहे.

आ) स्वयंपाकघर : जमिनीवर ठेवलेला डाळीचा गंज, ओट्याच्या कडेला ठेवलेला चहाचा कप, टेबलावरून लोंबणारे कापड ही भाजण्याची नेहमीची कारणे होत. भांड्यांच्या मुठी आतल्या बाजूस वळवून ठेवाव्यात आणि मुलाला मांडीवर घेऊन चहा पिऊ नये.

इ) विषारी पदार्थ : रॉकेल पाण्याच्या बाटलीत ठेवल्यामुळे होणारी विषबाधा हा एकेकाळी फार मोठा प्रश्न होता. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गॅसचा प्रसार वाढला व रॉकेलचा वापर घटला. परंतु त्याची जागा संडास साफ करण्याचे आम्ल, फिनाईल, डास पळविण्याचे द्रव आणि उंदरांचे औषध यांनी घेतली आहे. शेतकरी घरांत कीटकनाशकांचा धोका कायम आहे. देवघरातील कापूर मुलाला खडीसाखरेसारखा दिसतो. तो थोडासा पोटात गेला तरी झटके येऊ शकतात. गरोदर मातेला मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मुलाला लिमलेटच्या गोळ्यांसारख्या वाटतात, मात्र लहान मुलासाठी त्या प्राणघातक ठरू शकतात. या बाबतीत एकच नियम पुरेसा आहे. जो पदार्थ खाण्याचा नाही, तो खाण्यापिण्याच्या भांड्यात कधीही भरू नये आणि कुलपाबाहेर ठेवू नये.

ई) श्वासमार्गातील अडथळा : भरड पदार्थ चावण्यास लागणाऱ्या दाढा तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण येत नाहीत. तरीही शेंगदाणे, फुटाणे, चणे मुलांच्या मुठीत सहज दिले जातात. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा क्ष-किरण चित्रात दिसत नाही. त्यामुळे ठसका लागून गेल्यानंतर दिवसेंदिवस राहिलेला खोकला दमा समजून उपचार होत राहतात. अशा वेळी 'खाताना ठसका लागला होता' ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. पाच वर्षांखालील मुलाला शेंगदाण्याचा कूट द्यावा, अख्खा दाणा नव्हे. द्राक्षे उभी चिरून द्यावीत, सीताफळाच्या बिया काढून द्याव्यात. खेळणी व रिमोटमधील बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या विशेष घातक आहेत. अन्ननलिकेत अडकलेली अशी बॅटरी दोन तासांत गंभीर जखम करते, म्हणून ती गिळल्याचा संशय आला तरी तात्काळ रुग्णालय गाठावे.

उ) गॅलरी, जिना व गच्ची : कठड्याच्या दोन गजांतील अंतर दहा सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावे. गॅलरीत खुर्ची, कुंडी किंवा उलटी बादली ठेवल्यास ती मुलासाठी पायरी ठरते.

४. पहिली काही मिनिटे

प्रतिबंध करूनही इजा घडल्यास घरगुती समजुती अपाय वाढवितात. भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट, शाई, हळद, तूप अथवा बर्फ लावू नये. वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी धरावे व नंतर स्वच्छ कापडाने झाकावे. विषारी पदार्थ पोटात गेल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. रॉकेल उलटीवाटे फुप्फुसात शिरते आणि आम्ल अन्ननलिकेला दुसऱ्यांदा जाळते. सोबत मूळ बाटली किंवा वेष्टन न्यावे. घशात वस्तू अडकलेले मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाज बंद झाल्यास एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे व दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यावा आणि वस्तू बाहेर येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. एक वर्षावरील मुलाला पाठीवरील थापांनंतर छातीऐवजी पोटावर, बेंबीच्या वर दाब द्यावा. न दिसणारी वस्तू बोटाने चाचपून काढू नये. बुडालेल्या मुलाला उलटे धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असल्यास तात्काळ तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब सुरू करावेत. त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

५. लक्ष ठेवण्याचे काम कोणाचे?

वरील विवेचनाचा अर्थ लक्ष ठेवण्याची गरजच नाही असा नव्हे. प्रश्न इतकाच की, ते कोणी व केव्हा ठेवावे? बांगलादेशातील अभ्यासांत आढळले की, लहान मुलांच्या बुडण्याच्या घटना प्रामुख्याने सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत घडतात, म्हणजेच माता घरकामात गुंतलेल्या असतात तेव्हा. तेथे 'माता अधिक दक्ष राहाव्यात' असा उपदेश न करता नेमक्या याच वेळेत चालणारी 'आंचल' नावाची गावपातळीवरील बालसंगोपन केंद्रे सुरू करण्यात आली. केंद्रात येणाऱ्या मुलांत बुडण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने शालापूर्व मुलांसाठी अशा सुरक्षित जागा उपलब्ध करण्याची शिफारस केली.

आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडीचे जाळे उभे आहे, परंतु पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी तेथे प्रामुख्याने तीन ते सहा वर्षांची मुले बसतात. धोक्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असे एक ते तीन हे वय घरातच राहते. नोकरी करणाऱ्या पालकांसाठी २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची सोय आवश्यक ठरविली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही पन्नास कर्मचाऱ्यांची हीच मर्यादा व दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभा नमूद आहे. आपल्यापैकी अनेकांच्या महाविद्यालयांत प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी मिळून ही संख्या सहज ओलांडली जाते. तरीही मूल आजारी आजीजवळ किंवा शेजारी सोडून वर्गावर उभी राहणारी सहकारी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे.

निष्कर्ष व शिफारशी

१. घरगुती इजा या बहुतांशी अंदाज बांधता येण्याजोग्या व म्हणूनच टाळता येण्याजोग्या असतात.
२. मानवी लक्ष अखंड राहू शकत नाही. झाकलेले पिंप, कुलूपबंद कपाट आणि कडी लावलेले दार मात्र चोवीस तास काम करतात. म्हणून प्रतिबंधाची सुरुवात घराच्या मांडणीपासून व्हावी.
३. मुलाच्या उंचीवर बसून घरातील प्रत्येक खोली पाहण्याचा परिपाठ पालकांनी दर तीन महिन्यांनी ठेवावा. हे काम आई व वडील दोघांनी मिळून करावे.
४. गृहअर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना यांच्या माध्यमातून महाविद्यालयांनी बालकांच्या प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण आयोजित करावे. त्यात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचाही समावेश असावा.
५. पाळणाघराचा विषय महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावा.

इजा झालेल्या बालकाच्या आईला 'तुझं लक्ष कुठं होतं?' असे विचारणे सोपे आहे. परंतु त्या प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्या कोणत्याही घरातील मूल सुरक्षित होत नाही. 'ती वस्तू तेथे का होती?' आणि 'त्या वेळी आईच्या मदतीला कोण होते?' या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून मात्र ते होऊ शकते. शिक्षक म्हणून आणि पालक म्हणून हे दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण स्वतःला व आपल्या विद्यार्थ्यांना लावावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.